रिकाम्या गाडीचा आकडा

"मॅडम, तुमचं यंत्र काय म्हनतंय?" बिरूने विचारलं.

मी मांडीवर ठेवलेल्या त्याच्या फोनकडे पाहिलं. पडदा हिरवागार होता. खाली आकडा होता, वारा ताशी सेहेचाळीस किलोमीटर.

"पुढं चल म्हणतंय," मी म्हणाले.

बिरूदेव शेंडगे हा जतकडचा, तिशीतला ड्रायव्हर. मिरजेपासून नागजपर्यंत तो एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हाताने हवेत मेंढरं काढून दाखवत मला त्याच्या आज्याच्या गोष्टी सांगत होता. नागज फाटा मागे पडला तसा त्याचा दुसरा हातही स्टिअरिंगवर आला आणि गोष्टी थांबल्या. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता, दुपारचे सव्वातीन वाजले होते. आम्ही सोलापूरकडे चाललो होतो. उजव्या हाताला, जतच्या बाजूने आभाळ काळंनिळं होऊन वर चढत होतं. दोन्हीकडे उघडा माळ, लांबवर पवनचक्क्या, आणि रस्त्यावरून तांबडी धूळ आडवी पळत होती. आमची गाडी बत्तीस फुटी बंद कंटेनरची होती. आत छतापर्यंत गाद्यांचा फोम भरला होता आणि सगळ्या फोमचं मिळून वजन होतं जेमतेम दीड टन.

गाडी एकदम डावीकडे सरकली. बिरूने ती ओढून परत पट्ट्यावर आणली.

"थांबू का?" तो म्हणाला.

"अजून आकडा हद्दीवर गेलेला नाही. पासष्टला भोंगा वाजेल. आणि विनाकारण थांबलास तर तुझ्या नावापुढे तांबडं लागेल."

"आकडा ऱ्हाऊ द्या. माझ्या हाताला कळतंय न्हवं."

"चल रे," मी म्हणाले. "वळवाचा वारा आहे. होईल कमी."

हे मीच म्हणाले होते. नऊ वर्षं झाली, पण त्या 'चल रे'ची लाज अजून गेलेली नाही.

तो पासष्टचा आकडा माझाच होता. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि त्याचा मला भारी तोरा. कुपवाडच्या एमआयडीसीत बेचाळीस गाड्यांची एक ट्रान्सपोर्ट कंपनी होती, तिथे मी कंट्रोल रूम सांभाळायचे. कंट्रोल रूम म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारा पंखा आणि मी. मालक मालगावे साहेब. त्यांनी आदल्या वर्षी हवामानाची सूचना देणारी सिस्टिम घेतली होती. वारा, पाऊस, धुकं यांचा आकडा ठरलेल्या हद्दीच्या वर गेला की ड्रायव्हरच्या फोनवर भोंगा वाजायचा आणि पडदा तांबडा होऊन 'थांबा' असं यायचं. ही हद्द कुठल्या गाडीला किती ठेवायची, ते भरायचं काम माझं.

मी आठवडाभर डोकं लावलं. भरलेल्या गाडीत माल असतो, वजन असतं, ब्रेक उशिरा लागतो, म्हणून तिला पंचेचाळीस. रिकाम्या किंवा हलक्या गाडीला काय होणार? तिच्यात नासण्यासारखं काही नाही. तिला पासष्ट. साहेबांनाही ते पटलं. "रिकामी गाडी उभी करून काय दिवे लावायचेत?" ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मग मी ड्रायव्हरांच्या सह्या घेतल्या. एकेचाळीस जणांनी कागद न वाचताच सह्या ठोकल्या. बेचाळिसावे बाबालाल मुजावर.

बाबालाल चाचा बेडगचे. कंपनीतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, एकतीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेले. इतक्या वर्षांच्या खड्ड्यांनी त्यांची कंबर कामातून गेली होती. खुर्चीतून उठताना आधी टेबलाला, मग भिंतीला हात लावत उठायचे. त्यांनी खिशातून चष्मा काढला. त्याची एक दांडी तुटलेली होती, तिथे काळा दोरा बांधून तो कानात अडकवायचे. कागद त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"खोतबाई," ते म्हणाले, "ह्ये रिकाम्या गाडीचं पासष्ट कुनी लिवलं?"

"मी."

"तुमी कवा रिकाम्या गाडीत बसलायसा का?"

मला राग आला. "चाचा, त्यात बसायचं काय? हे गणित आहे."

"गनित आसंल की. मी कुठं न्हाई म्हनतोय." त्यांनी चष्मा काढून दोरा बोटाला गुंडाळला. "सही करतो. पन एकदा बसा. वारं सुटल्यालं बघून बसा. मग आपन बोलू."

त्यांनी सही केली. मी ते बोलणं विसरून गेले. विसरले कसलं, मनात ठेवलं आणि कुढत बसले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती तांबड्याची. भोंगा वाजल्यावरही गाडी चालवली, ठरलेला रस्ता सोडला किंवा सूचना नसताना थांबलं, की सिस्टिम त्या ड्रायव्हरच्या नावापुढे तांबडी खूण करायची. जूनमध्ये कंपनीत एक नवी गाडी येणार होती. थंड हवेची केबिन, आणि सीट अशी की खड्डा आला तरी कमरेला धक्का पोचत नाही. वर्षभरात एकही तांबडं नसेल त्या ड्रायव्हरला ती मिळणार होती. अकरा महिने झाले होते आणि बेचाळीस जणांत कोरं नाव एकच उरलं होतं, बाबालाल मुजावर. चाचांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. त्या सीटबद्दल ते कधी बोलायचे नाहीत, पण आवारात सीटचं छापील चित्र लावलं होतं, त्याच्यापुढे मी त्यांना दोनदा उभं राहिलेलं पाहिलं होतं.

तर त्या दिवशी बिरूची फोमची गाडी सोलापूरला निघत होती. सकाळपासून हवा कोंदली होती, दुपारनंतर वळीव येणार असं सिस्टिम सांगत होती. मी ठरवलं, आज बसायचंच. चाचांचं तोंड एकदाचं बंद करू. मी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी आले तेव्हा चाचा सोळा टन साखर भरून त्याच रस्त्याने आमच्या आधी तासभर निघत होते.

"आज बसताय व्हय?" त्यांनी केबिनमधून विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होता ना?"

"म्हनलो व्हतो खरं," ते म्हणाले आणि आभाळाकडे बघून निघून गेले.

आता पुन्हा त्या माळावर येते.

माझं 'चल रे' होऊन पाच मिनिटंही झाली नसतील. उजवीकडून असा एक धक्का बसला की माझं डोकं दाराच्या काचेवर आपटलं. बिरू ओरडला, मेंढरांना ओरडतात तसं काहीतरी, आणि त्याने गाडी डाव्या बाजूच्या मुरमावर घेऊन उभी केली.

"आता तांबडं लागू दे न्हाईतर हिरवं," तो म्हणाला. "मी थांबलो."

मला वाटलं, थांबलो, सुटलो. पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त हलत होती. कंटेनरची उजवी भिंत बत्तीस फूट लांब, वारा तिच्यावर येऊन आदळत होता आणि आत अडवायला वजनच नव्हतं. गाडी डावीकडे कलायची, क्षणभर तशीच राहायची आणि परत चाकांवर बसायची. दर वेळी जरा जास्त कलायची. एकदा उजवं चाक परत जमिनीवर टेकल्याचा आवाज मी ऐकला. म्हणजे ते उचललं गेलं होतं.

मी डावीकडचं दार उघडायला हात घातला. बिरूने माझं मनगट इतक्या जोरात धरलं की चार दिवस वळ राहिले.

"तिकडनं न्हाई! गाडी पडली तर तिकडंच पडनार. अंगावर ईल."

"मग तुझ्या बाजूने!"

त्याने खांदा लावून आपलं दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि वाऱ्याने परत आपटलं. त्याने पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. मग तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "माझी धाकटी सव्वा वर्साची हाय."

त्याला काही विचारायचं नव्हतं. तो फक्त सांगत होता. मी मांडीवर पाहिलं. फोन हिरवा होता. वारा अठ्ठावन्न. माझ्या गणिताप्रमाणे आम्ही मजेत चाललो होतो.

गाडी पुन्हा कलली. या वेळी माझ्या बाजूच्या काचेत आभाळ राहिलंच नाही, नुसता मुरूम दिसला आणि त्याच्या पलीकडचा चर. मी आईला हाक मारली. मोठ्याने मारली, लाजण्याइतकी शुद्ध नव्हती. गाडी परत चाकांवर बसली.

तेव्हा समोरून, धुळीतून, दोन दिवे आले.

सोलापूरकडून येणारी मालाची गाडी होती, निळ्या तोंडाची. ती आमच्या दिशेने, आमच्याच बाजूला सरकत आली आणि मला वाटलं, आता हीपण येऊन धडकणार. पण ती पाऊल टाकल्यासारखी हळू आली, आमच्या उजव्या अंगाला, दोन-तीन हात अंतर ठेवून. त्या ट्रकची खिडकी आमच्या खिडकीपुढून गेली. आत बाबालाल चाचा होते. त्यांनी पंजा दाखवला, हलू नका. मग तशीच पुढे नेत त्यांनी आपली सोळा टनांची साखर आमच्या कंटेनरला समांतर लावली आणि गाडी बंद केली.

वारा थांबला. म्हणजे माळावर तो तसाच होता, धूळ तशीच पळत होती. फक्त आमच्यावर यायचा थांबला. आमची गाडी एकदा हलली आणि स्थिर उभी राहिली.

बिरूने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून चाचा भिंतीला हात लावत लावत आले होते. आता बिरूचं दार सहज उघडलं.

"उतरा," ते म्हणाले. "माझ्या गाडीत चला. ती हलत न्हाई."

आम्ही तिघं त्यांच्या केबिनमध्ये बसलो. बाहेर गारा पडायला लागल्या होत्या, टपावर ताशा वाजत होता. चाचांनी सीटखालचा डबा काढला आणि शेंगदाणे-गूळ माझ्या हातावर ठेवला.

"खावा. चावलं की थरथर कमी हुती."

मी खाल्लं. खरंच कमी झाली. मग मला सुचलं.

"चाचा, तुम्ही तर आमच्या पुढे होता. समोरून कसे आला?"

"चष्मा इसरलो नागजला," ते म्हणाले. "चहाच्या टपरीवर. आनायला चाललो व्हतो. बघतो तर तुमी हितं नाचताय."

बिरू हसला. मग मीपण हसले. दोघंही जरा जास्तच हसलो. डोळ्यांतलं पाणी कशाचं, ते कुणी विचारलं नाही.

अर्ध्या तासाने सगळं ओसरलं. माळावर ऊनसुद्धा पडलं. चाचांनी गाडी चालू केली, तिथल्या तिथे वळवली आणि आमच्या मागे सोलापूरच्या रस्त्याला लागले.

"अहो, चष्मा?" मी खिडकीतून ओरडले.

"ऱ्हाऊ दे! जुनाच व्हता!"

मला इतकं हायसं वाटत होतं की त्यात काही खटकलंच नाही. नशीब म्हणायचं, असं मी मनात म्हणाले. एका म्हाताऱ्याचा विसराळूपणा आपल्या कामी आला.

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून एसटीने परत आले आणि ऑफिसात कॉम्प्युटर लावला. बाबालाल मुजावर या नावापुढे दोन तांबड्या खुणा होत्या. एक, सूचना आल्यावरही गाडी चालवली. दोन, मार्ग सोडला, उलट दिशेने एकवीस किलोमीटर.

मी त्यांच्या गाडीचा नकाशा उघडला. दर मिनिटाला एक ठिपका. जुनोनीच्या पुढे दोन पन्नासला त्यांच्या फोनवर भोंगा वाजला होता, वारा पंचेचाळीसच्या वर गेला म्हणून. भरलेली गाडी, तिला माझा आकडा पंचेचाळीस. ते नियमाप्रमाणे थांबले. चार मिनिटं ठिपका एकाच जागी होता. मग तो मागे फिरला. नागजपर्यंत तो पोचलाच नाही. आम्ही उभे होतो त्या जागेपर्यंत आला आणि तिथून पुन्हा सोलापूरकडे गेला. नागजची टपरी तिथून चार किलोमीटर पुढे होती.

त्या चार मिनिटांत त्यांनी काय केलं, तेही सापडलं. बिरूच्या फोनच्या नोंदीत लिहिलं होतं, अडवलेले कॉल तीन. माझा नंबर तेव्हा चाचांकडे नव्हता. चालत्या गाडीत ड्रायव्हरने बोलू नये म्हणून सगळे कॉल अडवायचे आणि फक्त भोंग्याला वाट द्यायची, हा नियमही मीच घातला होता.

मी उठून मालगावे साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, काल दुपारी बाबालाल चाचांचा फोन आला होता का?"

"आला होता की." ते कागदातून वर न बघता म्हणाले. "बिरूची गाडी थांबवा, थांबवा करत होता. मी पडद्यावर बघितलं. हिरवी होती. म्हटलं, सिस्टिम ठीक म्हणतीय, तू कशाला घाबरतोस? का हो?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. 'चल रे'सुद्धा सांगितलं. ज्या गाडीला काही होणार नव्हतं तिला आपण थांबवलं, आणि जी पडणार होती तिला पुढे जा म्हणालो. "साहेब, आकडे मी उलटे भरले. नोकरीवरून काढायचं असेल तर मला काढा. पण चाचांचं तांबडं काढा."

साहेबांनी हातातले कागद खाली ठेवले. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तुम्ही भरले आणि मी सही केली," ते म्हणाले. "मी तर वीस वर्षं या धंद्यात आहे. मलाच कसं कळलं नाही?" मग म्हणाले, "तांबडं काढायचं तर सिस्टिम कारण मागते. सिस्टिमवाल्या कंपनीकडे जातं ते. काय लिहायचं ते विचार करून लिहा. आणि आधी तो आकडा नीट करा."

"तो मी एकटी करणार नाही," मी म्हणाले.

चाचा तिसऱ्या दिवशी परत आले. मी त्यांना कंट्रोल रूममध्ये बोलावलं आणि माझी खुर्ची दिली. ते तिच्या कडेवर बसले. मी स्टुलावर बसले, वही घेऊन.

"चाचा, रिकामी गाडी. वारा किती झाला की थांबायचं?"

"आकड्यात मला काय कळतंय?"

"आकड्यात नका सांगू. कसं दिसतं ते सांगा."

त्यांनी जरा विचार केला. मग बोलायला लागले आणि मी लिहीत गेले. बाभळीचा नुसता शेंडा हलतो तोवर काही नाही. धूळ उभी उठते तोवरही चालतं. पण धूळ जमिनीलगत आडवी पळायला लागली की रिकाम्या गाडीने वेग कमी करायचा. सायकलवाला उतरून सायकल हातात धरून चालायला लागला की जागा बघायची. आणि रस्त्याकडेच्या बाया एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने डोईवरची बुट्टी धरायला लागल्या, की थांबायचं. "मग माळावर न्हाई थांबायचं. घराच्या न्हाईतर झाडीच्या आडोशाला. आनि तोंड वाऱ्याकडं करून. कूस द्यायची न्हाई."

"वारा गाडीत बसून कसा कळतो?"

"स्टिअरिंग हातातनं मागून घेतंय बघा वारं. एकदा मागितलं, सोडून द्यायचं. दुसऱ्यांदा मागितलं की थांबायचं. तिसऱ्यांदा त्ये मागत न्हाई."

मी हवामान खात्याचा तक्ता शेजारी ठेवला होता. कुठल्या वेगाला धूळ उडते, कुठल्या वेगाला चालणं जड जातं, सगळं त्यात होतं. मी चाचांच्या एकेका खुणेपुढे आकडा मांडत गेले आणि शेवटी कॉम्प्युटरमध्ये भरला. पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा. रिकाम्या गाडीला आता इतका."

त्यांनी पुढे वाकून डोळे बारीक केले. दिसेना. सवयीने त्यांचा हात खिशात गेला आणि चष्मा बाहेर आला. एक दांडी तुटलेली, काळा दोरा. त्यांनी दोरा कानात अडकवला, नाकावर चष्मा ठेवला आणि वाचलं.

"पस्तीस," ते म्हणाले. "आता बरुबर."

मी नुसती बघत राहिले. पंखा खडखडत होता. जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं, मी पडद्याकडे नाही, त्यांच्या नाकाकडे बघते आहे.

"सापडला वाटतं," मी म्हणाले.

एकतीस वर्षं ट्रक चालवलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा लाजला.

"सापडला," ते म्हणाले.

"चाचा, नवी गाडी तुमची होती. एक महिना राहिला होता. परत फिरताना हे माहीत होतं ना तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून दोरा बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"माझ्या फोनचा भोंगा वाजला," ते म्हणाले. "तवा ध्यानात आलं, भरलेल्याला वाजला म्हंजे तुमच्यात वाजायचा न्हाई. तुमचा पासष्टला. आनि तू बसल्यालीस त्यात." पहिल्यांदाच ते मला 'तू' म्हणाले. "कुनी बसवलं तुला? मीच न्हवं? बसा बसा म्हनून मीच मागं लागलो व्हतो. उद्या तुझ्या आईम्होरं जाऊन मी काय सांगनार व्हतो, पोरी?"

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी "आगं, आगं" करत पाय मागे ओढले, कंबर दुखली म्हणून कळवळले, आणि त्या कळवळण्याला मी रडता रडता हसले.

ते गेल्यावर मी दोन तांबड्या खुणांपुढची चौकट उघडली. 'खूण काढण्याचे कारण.' मी बरंच लिहिलं, बरंच खोडलं. शेवटी दोनच वाक्यं ठेवली. 'सिस्टिमचा आकडा चुकीचा होता. चालकाचा बरोबर होता.' खाली माझं नाव टाकलं. साहेबांनी वाचलं आणि माझ्या नावाशेजारी स्वतःचंही टाकलं.

जूनमध्ये नवी गाडी आली. तिच्यापुढे नारळ चाचांनी माझ्या हातून फोडून घेतला. मला तो तीन फटक्यांत फुटला आणि बेचाळीस ड्रायव्हर खदाखदा हसले. चाचा त्या सीटवर बसले, दोनदा खालीवर हलून बघितलं आणि डोळे मिटले. पुढची दोन वर्षं त्यांनी ती गाडी चालवली. तिला एकही तांबडं लागलं नाही.

आता कंपनीच्या एकशे दहा गाड्या आहेत. सिस्टिम तीनदा बदलली. दर वेळी नवे लोक येतात, लॅपटॉप उघडतात आणि विचारतात, रिकाम्या गाडीला इतका कमी आकडा का? मी त्यांना फोमच्या गाडीत बसवून माळावर पाठवते. बिरूच नेतो. परत आल्यावर कुणी विचारत नाही. बिरूची धाकटी आता चौथीत शिकते. माझं लग्न झालं, मलाही मुलगी झाली. तिच्या बारशाला चाचा बेडगहून आले होते. तिला मांडीवर घेऊन "हिला गनित शिकवू नगा लई" म्हणाले. ती आहे, तिची आई आहे, ते सगळं त्या एकवीस किलोमीटरांमुळे. हे मी त्यांना दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी विषय शेंगदाण्यांवर नेला.

पण एक गोष्ट ते दरवर्षी करतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी बेडगच्या त्यांच्या अंगणात धूळ आडवी पळायला लागली, की माझा फोन वाजतो. सिस्टिमच्या भोंग्याच्या आधी वाजतो, कधी पाच मिनिटं, कधी दहा.

परवाही वाजला.

"पोरी, वारं सुटलंय. रिकामी कुठली बाहेर हाय का?"

मी पडद्याकडे पाहिलं. माळावर आमच्या चार गाड्या होत्या, चारही रिकाम्या. अजून सगळ्या हिरव्या. मी एकेकीचा पडदा हाताने तांबडा केला. एकेक ठिपका हळू झाला, आडोशाला गेला आणि उभा राहिला.

"थांबवल्या, चाचा. चारही."

"तोंड वाऱ्याकडं?"

"वाऱ्याकडं."

"बरं," ते म्हणाले. "मग मी जरा आडवा हुतो."